पेट्रोल वाचवायला दुचाकी घेताय? आधी लिटर मोजा

पेट्रोलचा खर्च अंगावर यायला लागला की घरात एकच विषय निघतो: कार घरी ठेवू आणि ऑफिसला जायला एखादी दुचाकी घेऊन टाकू. विचार चुकीचा नाही. पण बहुतेक जण क्रम उलटा धरतात. आधी शोरूम, मग "ॲव्हरेज किती देते?", मग बुकिंग, आणि गाडी दारात उभी राहिल्यावर हिशेब. तोपर्यंत हप्ता सुरू झालेला असतो. खाली दिलेल्या क्रमाने गेलात तर काही जणांचे चांगले पैसे वाचतील. काही जणांना नवी गाडी घेण्याची गरजच नाही हेही वहीतच कळेल, आणि तोही फायदाच आहे.

टप्पा १: आत्ता किती जळतंय ते मोजा

लागणारं साहित्य एवढंच: एक छोटी वही आणि पेन. कार असो की जुनी स्कूटर, मोजायची पद्धत एकच.

टाकी फुल्ल करा आणि मीटरचं रीडिंग लिहा. नेहमीसारखी गाडी वापरा. निम्म्याहून जास्त टाकी संपली की त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करा आणि या दुसऱ्या वेळी किती लिटर बसलं ते पावतीवरून लिहून घ्या. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळचं लिटर, हे तुमचं खरं ॲव्हरेज. असं लागोपाठ तीन वेळा करा आणि तिन्हीची बेरीज धरून सरासरी काढा, कारण एकाच मापावर ट्रॅफिक, पाऊस आणि पंपावरचा माणूस या तिघांचा परिणाम असतो.

दुचाकीत चूक होते ती भरताना. गाडी साईड स्टँडवर तिरकी असली की टाकीत एका बाजूला हवा अडकते आणि 'फुल्ल' दर वेळी वेगळं येतं. म्हणून मेन स्टँडवर लावा, नसेल तर सरळ धरून ठेवा. नोझल जोरात सोडलं तर फेस येतो आणि टाकी भरल्यासारखी दिसते. शेवटचं पेट्रोल हळू सोडायला सांगा, फेस बसू द्या. टाकीच्या तोंडाची नळी आत जिथे संपते तिथपर्यंत पातळी आली की थांबा. झाकणापर्यंत भरू नका. उन्हात पेट्रोल फुगतं आणि बाहेर येतं.

सावधान: शंभर रुपयांचं टाकून "किती चालते बघू" ही पद्धत सोडून द्या. आधी टाकीत किती होतं हे माहीत नसताना तो आकडा निरुपयोगी असतो. शिवाय बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत पेट्रोल फवारणारी इंजेक्शन सिस्टीम असते आणि तिचा टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. टाकी कोरडी करत राहिलात तर पंप लवकर जातो, आणि त्याचा खर्च वाचवलेल्या पेट्रोलपेक्षा कितीतरी मोठा असतो.

टप्पा २: आठवड्याच्या फेऱ्या लिहून काढा

दोन आठवडे प्रत्येक फेरी लिहा. कुठून कुठे, किती किलोमीटर, किती माणसं, किती सामान. मग प्रत्येक फेरीपुढे खूण करा: ही दुचाकीवर झाली असती का?

इथे प्रामाणिक राहा. आपल्या कोल्हापुरात पाचगावहून गोकुळ शिरगावला एकट्याने ड्युटीला जाणं दुचाकीवर होईल. आई-वडिलांना दवाखान्यात नेणं होणार नाही. दोन मुलं आणि बायको असं चौघांनी रंकाळ्यावर जाणं तर मुळीच नाही. चार वर्षांवरचं मूल कायद्याने स्वतंत्र माणूस धरलं जातं, म्हणजे नवरा-बायको आणि सहा वर्षांचा मुलगा ही ट्रिपल सीटच झाली. चार वर्षांखालच्या मुलासाठी हेल्मेट आणि चालवणाऱ्याला जोडणारा सेफ्टी हार्नेस लागतो, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो.

मग पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे आठ-आठ दिवस उघडीप नसते. रेनकोट घालून जाणारे जातात, पण लॅपटॉप, कागदपत्रं, इस्त्रीचे कपडे यांचा विचार करून त्या दोन-अडीच महिन्यांतले किती दिवस तुम्ही खरंच दुचाकी काढाल ते ठरवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी त्या बाजूला सरकलं की रस्ते बदलतात आणि फेरा वाढतो. २०१९ आणि २०२१ मध्ये तर शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. शिरोली एमआयडीसीला जाणाऱ्यांनी हे दिवस हिशेबातून आधीच काढून टाकावेत.

तपासा: खूण केलेल्या फेऱ्यांचे महिन्याचे किलोमीटर ३०० पेक्षा कमी येत असतील तर पुढचा टप्पा दोनदा वाचा.

टप्पा ३: हिशेब ॲव्हरेजचा नको, लिटरचा करा

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात.

आपण 'लिटरला किती किलोमीटर' मोजतो. खिशातून जातात ते मात्र 'शंभर किलोमीटरला किती लिटर'. हे उलटं करून बघा. शहरात १२ चं ॲव्हरेज देणारी कार शंभर किलोमीटरला ८.३ लिटर खाते. ४५ देणारी स्कूटर २.२ लिटर. ६५ देणारी मोटारसायकल १.५ लिटर. कारवरून स्कूटरवर आलात तर शंभर किलोमीटरमागे सहा लिटर वाचले. स्कूटरवरून मोटारसायकलवर गेलात तर पाऊण लिटरही नाही. ऐकायला ४५ वरून ६५ ही उडी मोठी वाटते, पण खरा पैसा कार घरी ठेवण्यात आहे. दुचाकी कोणती, हा त्यानंतरचा आणि तुलनेने छोटा प्रश्न.

आता तीन घरांचा हिशेब करू. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरलंय. तुम्ही तुमच्या पंपावरचा दर घाला.

पहिलं घर: राहायला कोल्हापुरात, नोकरी कागलच्या एमआयडीसीत. जाऊन-येऊन ४० किलोमीटर. महिन्यातले १८ दिवस दुचाकी चालेल असं धरलं तर ७२० किलोमीटर. कारला १४ च्या ॲव्हरेजने ५१.४ लिटर, म्हणजे ५,४०० रुपये. मोटारसायकलला ६० ने १२ लिटर, म्हणजे १,२६० रुपये. वाचले ४,१४०. त्यातून सर्व्हिसिंग, टायर आणि विम्याचे महिना ६०० वजा करा, राहिले ३,५४०. ऑन-रोड ९५,००० ची गाडी सव्वादोन वर्षांत वसूल. हे गणित चांगलं आहे.

दुसरं घर: राजारामपुरीत राहणं, शाहूपुरीत दुकान, इकडचं-तिकडचं धरून महिन्याला २५० किलोमीटर. कारला १२ ने २,१९० रुपये, स्कूटरला ४२ ने ६२५. वाचले १,५६५. देखभालीचे ४५० गेले, राहिले अकराशेच्या आसपास. ९०,००० ची नवी स्कूटर वसूल व्हायला पावणेसात वर्षं. इथे नवी गाडी पेट्रोलसाठी घेऊ नये. पार्किंग मिळत नाही, महाद्वार रोडला कार नेता येत नाही, म्हणून घ्यायची असेल तर अवश्य घ्या. ते कारण पक्कं आहे, फक्त त्याला पेट्रोल बचत म्हणू नका. नाहीतर चांगली जुनी स्कूटर बघा.

तिसरं घर: स्कूटर आहेच, ३८ देते, म्हणून ती २५,००० ला विकून ४८ देणारी नवी घ्यायची. महिन्याला ५०० किलोमीटर. वाचतात २.७ लिटर, म्हणजे २८८ रुपये. वरचे ६५,००० वसूल व्हायला १८ वर्षांच्या वर लागतील. या घराने टप्पा ८ वाचून आपली जुनी गाडी नीट करून घ्यावी.

सावधान: कर्ज काढणार असाल तर महिन्याचं व्याज बचतीतून वजा करा. हप्ता आणि पेट्रोलची बचत समोरासमोर ठेवून "हप्ता पेट्रोलमधूनच निघतो" असं मांडणारे पुष्कळ भेटतील. आकडे तुमच्या वहीतले वापरा.

याच हिशेबात आणखी एक ओळ लिहायचीच आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती. कारमधून दुचाकीवर येताना हा धोका तुम्ही स्वतःहून घेता. म्हणून आयएसआय मार्कची दोन चांगली हेल्मेट हा गाडीच्या किमतीचाच भाग धरा. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतंच. रात्रपाळी असेल आणि ऊस हंगाम चालू असेल, तर मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा ट्रॉल्या रस्त्यावर असतात. त्या दिवसांत रात्री महामार्गाला दुचाकी नेऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. महिन्याला हजार रुपये कमी वाचले तरी चालतील.

टप्पा ४: लायसन्स बघा, मग गाडी

छोटा टप्पा, पण अनेक जण इथे अडकतात. कारच्या लायसन्सवर दुचाकी चालवता येत नाही. लायसन्सवर दुचाकीचा वर्ग आहे का, आणि गिअरची की बिनगिअरची, ते आधी वाचा. बिनगिअरचं लायसन्स असताना मोटारसायकल चालवली आणि अपघात झाला, तर विम्याच्या क्लेमला अडचण येते. नवा वर्ग जोडायचा असेल तर परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज करून लर्निंग काढावं लागतं आणि पक्क्या लायसन्ससाठी ३० दिवस थांबावं लागतं. म्हणजे आज अर्ज केला तर गाडी पुढच्या महिन्यात घ्यायची.

टप्पा ५: मोटारसायकल, स्कूटर की इलेक्ट्रिक

रोजचा रस्ता लांब आणि मोकळा असेल, कागल, हातकणंगले किंवा गारगोटीच्या बाजूचा, तर १०० ते १२५ सीसीची मोटारसायकल. चाकं १७-१८ इंची असल्याने खड्ड्यात कमी आदळते, चेनची ओढ बेल्टपेक्षा कमी ताकद वाया घालवते, आणि टाकी मोठी असते. स्प्लेंडरची ९.८ लिटरची आहे, ॲक्टिव्हाची ५.३ ची. दोघं बसून पन्हाळा किंवा गगनबावड्याचा घाट वारंवार चढायचा असेल तर १२५ घ्या. शंभर सीसीचं इंजिन चढाला दुसऱ्या गिअरवर रडत राहतं आणि जाहिरातीतलं ॲव्हरेज तिथेच संपतं.

गावातल्या गावात, दाभोळकर कॉर्नर ते मिरजकर तिकटी असं दर शंभर मीटरला थांबत जायचं असेल, भाजीची पिशवी पायाशी ठेवायची असेल, घरात तिघंजण वापरणार असतील, तर स्कूटर. पहिल्या घराच्या ७२० किलोमीटरला स्कूटर मोटारसायकलपेक्षा महिन्याला चारेक लिटर जास्त घेईल, म्हणजे ४२० रुपये. पण तीच गाडी बायकोने आणि मुलीनेही वापरली आणि त्यामुळे कारच्या आणखी फेऱ्या वाचल्या, तर स्कूटरच जास्त वाचवते. गाडी निवडताना घरातल्या किती माणसांना ती चालवता येईल हे जरूर बघा.

इलेक्ट्रिकला शंभर किलोमीटरला साधारण साडेतीन युनिट लागतात, चार्जिंगमधली घट धरून. युनिटला १२ रुपये धरले तर ४२ रुपये. पेट्रोल स्कूटरला त्याच अंतराला २३० च्या पुढे. इंधनात हिचा हात कोणी धरू शकत नाही. पण वीजबिलातल्या पहिल्या १०० युनिटांचा दर धरू नका. गाडीचे युनिट वरच्या टप्प्यात जातात, तो दर बिलाच्या मागे बघा. अर्थिंगचा पॉइंट पार्किंगमध्ये आहे का, अपार्टमेंट असेल तर सोसायटीची परवानगी आहे का, हे गाडी बघायला जाण्याआधी पक्कं करा. तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडून चार्जिंग करणं धोक्याचं आहे. आणि पार्किंगमध्ये पुराचं पाणी येत असेल तर ती गाडी वेळेत कुठे हलवणार, तेही आजच ठरवा.

सीएनजीची मोटारसायकल २०२४ पासून बाजारात आहे. रोजच्या वाटेवरच सीएनजी पंप असेल आणि रांगेत थांबायला वेळ असेल तरच तिचा विचार करा.

तपासा: कंपनीचा ॲव्हरेजचा आकडा ठराविक चाचणीतला असतो. आपल्या रस्त्यांना त्यातून १५-२० टक्के कमी धरा. शिवाय आता पंपावरचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या दुचाक्यांचं ॲव्हरेज त्यामुळे ३-४ टक्के कमी होईल असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात होता. ऊस आपल्याच जिल्ह्यातला असला तरी हिशेब हिशेबाच्या जागी. जुनी गाडी घेत असाल तर ती या पेट्रोलला चालते का, हे मॅन्युअलमध्ये किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर विचारून घ्या.

टप्पा ६: आपल्या रस्त्यावर चालवून बघा

शोरूमसमोरची एक चक्कर म्हणजे टेस्ट राईड नव्हे. मागे नेहमी बसणारं माणूस बरोबर न्या, बाईमाणसाला साडी नेसून बसायचं असेल तर तसंच बसवून बघा. एक चढ, एक खडबडीत गल्ली आणि एक सिग्नल एवढं तरी व्हायला हवं. दोघं बसल्यावर ब्रेक कसा लागतो, गाडी मागे घेताना पाय जमिनीला नीट टेकतात का, मेन स्टँडला एकट्याने लावता येते का, हे बघा. १०५ किलोची स्कूटर आणि ११२ किलोची मोटारसायकल यांतला फरक कागदावर छोटा दिसतो, पण तंग पार्किंगमध्ये ती रोज ढकलायची असते.

टप्पा ७: कोटेशन, किंवा जुन्या गाडीची पारख

नवी घेताना कोटेशन छापील घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. एक्स-शोरूम, आरटीओचा कर आणि पासिंग, विमा या तीन ओळी लागणारच. ॲक्सेसरीज, हँडलिंग, वाढीव वॉरंटी यांवर बोला. नको ते काढायला लावा. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा कुणाचं त्याआधीचं कोटेशन तुलनेला घेऊ नका. विम्यात थर्ड पार्टी पाच वर्षांचा असणं सक्तीचं आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मात्र बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. "पाच वर्षांचा विमा आहे" हे वाक्य ऐकून दुसऱ्या वर्षी निर्धास्त राहणारे पुष्कळ आहेत. विमा बाहेरूनही घेता येतो.

जुनी घेताना आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या.

कोल्हापुरात जुनी गाडी घेताना पुराची पारख करायचीच. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क या भागांत २०१९ आणि २०२१ ला गाड्या पाण्यात होत्या. वरून पॉलिश केलेलं असतं, म्हणून आत बघा. सीट उघडून वायरिंगच्या जोडांत बोट फिरवा. वाळलेला बारीक गाळ बोटाला लागतो. स्कूटरच्या पायाखालचं पॅनेल मेकॅनिककडून काढून घ्या. तिथल्या स्क्रूंवर एकसारखा गंज, एअर फिल्टरच्या डब्यात पाण्याची रेघ, हेडलाईटच्या काचेत आतून पुटं दिसली तर गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडा. वायरिंगचा त्रास पहिल्या पावसात सुरू होतो आणि मिटत नाही.

टप्पा ८: गाडी आल्यावरचे तीन महिने

मॅन्युअलमध्ये दिलेला सुरुवातीचा वेग पाळा आणि पहिली सर्व्हिसिंग चुकवू नका. त्यापुढे ॲव्हरेज टिकवायला या गोष्टी, महत्त्वाच्या क्रमाने:

हवा. आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना. पंपावर पोचेपर्यंत टायर गरम होतो आणि प्रेशर जास्त दाखवतो, म्हणून घराजवळच्या पंक्चरवाल्याकडे सकाळी. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो. तो चेनकव्हरजवळच्या किंवा सीटखालच्या स्टिकरवर बघा.

ब्रेक आणि चेन. गाडी मेन स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवा. घासल्याचा आवाज येऊन लगेच थांबलं तर ब्रेक धरतोय आणि तुम्ही रोज पेट्रोल जाळून ब्रेक झिजवताय. चेन ५०० किलोमीटरला पुसून तेल, पावसाळ्यात त्याहून लवकर. फार ताणलेली चेनही गाडी ओढून धरते.

वेग. ४५ ते ५५ च्या दरम्यान एकसारखा. महामार्गावर ८० ने गेलात तर वाऱ्याचा विरोध फार वाढतो आणि कागलला पोचायला वाचतात जेमतेम सात-आठ मिनिटं.

एअर फिल्टर. एमआयडीसीच्या धुळीत मॅन्युअलमधल्या मुदतीआधीच साफ करून घ्या.

सावधान: घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून किंवा बंद करून सोडू नका. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये असताना थ्रॉटल पूर्ण सोडलं की पेट्रोल तसंही तोडते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं, इंजिनची पकड जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. जोतिबाच्या उतारावर हे करणारे दिसतात. कृपा करून करू नका.

टप्पा ९: पुन्हा मोजा, आणि कारकडे बघा

तीन महिन्यांनी टप्पा १ ची मोजणी पुन्हा करा, या वेळी दोन्ही गाड्यांची. दुचाकीचं ॲव्हरेज बरोबर येतं, पण घरातलं एकूण पेट्रोल कमी होत नाही, असं अनेक घरांत होतं. दुचाकी आल्यावर "गाडी आहेच" म्हणून नव्या फेऱ्या सुरू होतात, आणि कार तरीही रोज बाहेर पडते. म्हणून दोन्हींच्या लिटरची बेरीज लिहा. तीच जुन्या बेरजेशी ताडून बघायची.

कार उभी राहिली तरी तिला लक्ष लागतं. आठवड्यातून एकदा नुसती चालू करून बंद केली तर बॅटरी भरण्याऐवजी उतरते. त्यापेक्षा आठवड्याच्या बाजाराची मोठी फेरी तिच्यावर ठेवा, वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर चालू द्या. टायरची हवा महिन्याला बघा. पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीर वायरी कुरतडतात, फेरीआधी उघडून बघा. विमा आणि पीयूसीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण वापरात नसलेल्या गाडीचीच तारीख हमखास निघून जाते.